दिवाणी दाव्यात गप्प बसायचंय? मग त्याची पद्धत आधी समजून घ्या

"मी उत्तर देणार नाही, तो माझा हक्क आहे." ठाणे कोर्टात एका दिवाणी दाव्यात उलटतपास चालू असताना प्रतिवादीने पिंजऱ्यातून असं ठणकावून सांगितलं आणि समोरचा वकील चिडायच्या ऐवजी चक्क खूश झाला. जजसाहेबांनी स्टेनोला सांगितलं, लिहा, साक्षीदार उत्तर देण्यास नकार देतो. पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. असे पाच-सहा प्रश्न झाले, माणूस खाली उतरला तो मॅच जिंकल्यासारखा, आणि पुढे निकालात नेमकी तीच पाच-सहा वाक्यं त्याच्यावर उलटली. मी त्या केसमध्ये कोणाचीच वकील नव्हते, माझा नंबर त्याच्यानंतर होता म्हणून बसून बघत होते, पण तेव्हापासून माझ्याकडे दिवाणी दावा आणि एफआयआर अशी जोडगोळी घेऊन कोणी आलं की मी आधी हाच किस्सा सांगते.

कारण गोंधळ सगळ्यांचा सारखाच असतो. अमेरिकन सिरीयलमध्ये माणूस "फिफ्थ घेतो" (म्हणजे तिकडच्या पाचव्या घटनादुरुस्तीतला, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क) म्हणतो आणि सगळे गप्प होतात, ते बघून लोकांना वाटतं आपल्याकडेही तसंच. अहो, तिकडेही तसं नाहीये! तिकडच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ साली बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानोमध्ये स्पष्ट म्हटलंय की सिव्हिल केसमध्ये पक्षकार गप्प बसला तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं. आपल्याकडे तर नियमच वेगळ्या पद्धतीने बांधलाय, आणि मला विचाराल तर तो जास्त हुशारीने बांधलाय. आपला दिवाणी साक्षीचा कायदा तुम्हाला गप्प बसू देत नाही, तो म्हणतो बोला, पण कोर्टाने बोलायला लावलं म्हणून बोललात तर ते उत्तर फौजदारीत तुमच्याविरुद्ध वापरू देणार नाही. म्हणजे तुमचं कवच गप्प बसण्यात नाही, "मला बोलायला लावलं" हे रेकॉर्डवर येण्यात आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. माझ्याकडच्या दोन-तीन केसेस मिसळून बनवलंय, कोणाला शोधत बसू नका. घणसोली गावठाणातलं घर, वडिलांच्या नावाची जमीन सिडकोने घेतलेली, त्याबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या हिशेबात सिडकोने परत दिलेला. वडील गेले. मोठ्या भावाने प्लॉट बिल्डरला द्यायला काढला आणि कागद दाखवला की बहिणीने रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून दिलंय. बहीण म्हणते मी त्या दिवशी माहेरीच नव्हते, निबंधकाच्या ऑफिसात माझ्या नावाने दुसरीच बाई बसवली. तिने ठाण्याला वाटपाचा दावा टाकला, हक्कसोडपत्र रद्द करा अशी मागणी त्यातच, आणि पोलीस स्टेशनला एफआयआरही केली, बनावट कागद, फसवणूक वगैरे. एफआयआरमध्ये भावाचं नाव आहे. पण त्या कागदावर ओळख पटवणारा म्हणून सही केलेला भावाचा एक दोस्त आहे, त्याचं नाव अजून कुठेच नाही. हा दोस्त लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त अडकणारा तोच असतो.

आधी तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवा

संविधानाचा अनुच्छेद २०(३) म्हणतो, कोणत्याही अपराधाचा आरोप असलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. यात तीन गोष्टी लागतात, आरोप, सक्ती आणि स्वतःविरुद्ध साक्ष. यातला "आरोप" लोक विसरतात. नुसती भीती चालत नाही, औपचारिक आरोप लागतो, म्हणजे एफआयआरमध्ये नाव किंवा कोर्टात कम्प्लेंट. १९६० साली राजा नारायणलाल बन्सीलाल यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या चौकशीबद्दल हेच सांगितलं, की इन्स्पेक्टर प्रश्न विचारतोय म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं नाही.

म्हणून आपल्या उदाहरणातला भाऊ २०(३) म्हणू शकतो, दोस्त नाही. दोस्तासाठी साक्षीचा कायदा आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चं कलम १३७, जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम १३२, मजकूर तोच. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याआधी चालू असलेल्या केसेसना जुनाच लागतो, तेव्हा अर्जात कुठला नंबर लिहायचा ते दाव्याची तारीख बघून ठरवा, मी दोन्ही लिहिते, कोणी नाव ठेवत नाही.

हे कलम १३७ काय म्हणतं ते दोन भागात बघा. पहिला भाग कडक आहे: प्रश्न दाव्यातल्या मुद्द्याशी संबंधित असेल तर "उत्तर दिलं तर मी गुन्ह्यात अडकेन" या कारणावरून साक्षीदाराला सूट नाही, उत्तर द्यावंच लागेल. दुसरा भाग म्हणजे कवच: असं उत्तर द्यायला भाग पाडलं तर त्या उत्तरावरून अटक नाही, खटला नाही आणि कुठल्याही फौजदारी कामात ते उत्तर त्याच्याविरुद्ध शाबीत करता येणार नाही. अपवाद एकच, उत्तर खोटं असेल तर खोट्या साक्षीचा खटला होतो.

समन्स आल्यावरचे पहिले दिवस

समन्स आणि पोलिसांची नोटीस बहुतेक वेळा पुढेमागे येतात आणि माणूस पोलिसांच्या नोटिशीला इतका घाबरतो की समन्स फ्रिजवर पडून राहतं. असं करू नका. दोन्ही कागद एकाच फाईलला लावा आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचा नंबर द्या. हे सगळ्यात साधं काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. दिवाणीचा वकील ठाण्याला, फौजदारीचा बेलापूर कोर्टात, आणि एकाला दुसऱ्याने काय लिहून दिलं ते माहीतच नाही, मग अटकपूर्व जामिनाच्या अर्जात एक स्टोरी आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, दुसरी. सरकारी वकील या दोन कागदांवरच अर्धी केस लढवतो.

(जाता जाता, नवी मुंबई म्हणजे एकच कोर्ट असं समजू नका. घणसोली, वाशी, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. पोलीस आयुक्तालय एकच आहे म्हणून लोक फसतात.)

वकिलाला सगळं खरं सांगा. वकील-पक्षकार यांच्यातलं बोलणं कायद्याने झाकलेलं आहे, नव्या साक्ष अधिनियमाचं कलम १३२, जुनं १२६, अर्थात पुढे करायच्या गुन्ह्याचं प्लॅनिंग सोडून. मेव्हण्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर केलेलं बोलणं मात्र झाकलेलं नाही. "तेव्हा बाईला कोण घेऊन आलं होतं रे" असा एक मेसेज सगळ्या कैफियतीवर पाणी फिरवतो. आणि घाबरून चॅट डिलीट करू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, जो अजून तुमच्यावर नाहीये.

कैफियत: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, कोर्ट वाढवून देऊन ९० पर्यंत, कमर्शियल दावा असेल तर १२० दिवसांनंतर दार बंद. "माझ्यावर क्रिमिनल केस आहे म्हणून मी कैफियतच देत नाही" हा अ‍ॅप्रोच आत्मघाती आहे. सिव्हिल प्रोसिजर कोडची ऑर्डर ८ म्हणते की दाव्यातलं प्रत्येक कथन नेमकेपणाने नाकारा, गुळमुळीत नाकारलं किंवा नाकारलंच नाही तर ते कबूल केलं असं धरता येतं. आणि कैफियतच नसेल तर थेट निकालही होऊ शकतो.

दुसऱ्या टोकाची चूक त्याहून वाईट. भाऊ तावातावाने येतो, मॅडम सगळं लिहा, त्या दिवशी मी तिथे होतो, ती बाई आमच्या ओळखीची होती, बहिणीनेच फोनवर सांगितलं की हिला पाठव. हे सगळं कैफियतीत गेलं की संपलं. कारण कैफियत तुम्ही स्वतःहून दिलेली आहे, सही तुमची, सत्यापन तुमचं, सोबत शपथपत्र तुमचं, कोणी सक्ती केलेली नाही, त्यामुळे ना २०(३), ना १३७. पोलीस कैफियतीची सर्टिफाईड कॉपी काढतात आणि चार्जशीटला लावतात, आणि अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत ती समोर येते.

मग मधला रस्ता काय? परिच्छेद वेगळे काढा. प्लॉट कधी अलॉट झाला, वडील कधी वारले, वारस कोण, याला सरळ उत्तर द्या, त्यात गुन्हा काहीच नाही. मालकी, मुदत, कोर्ट फी, दाव्याची किंमत याचे कायद्याचे मुद्दे भरपूर घ्या. आणि ज्या दोन-तीन परिच्छेदांत नेमका गुन्ह्याचा मजकूर आहे तिथे असं काहीतरी:

"सदर परिच्छेदातील मजकूर प्रतिवादीस मान्य व कबूल नाही, वादीने तो काटेकोरपणे शाबीत करावा. त्याच मजकुरावरून प्रतिवादीविरुद्ध गुन्हा दाखल असून, संविधानाच्या अनुच्छेद २०(३) अन्वये असलेला हक्क राखून ठेवून प्रतिवादी याबाबत तूर्त अधिक कथन करीत नाही. यास कबुली समजण्यात येऊ नये."

हे लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही, कोर्ट नंतर म्हणू शकतं की तुमची बाजू काय ते कळलंच नाही. पण निदान नकार नेमका आहे, कारण लिहिलेलं आहे, आणि पुढे अर्ज करायला पाया आहे. एक पथ्य मात्र पाळा. जे खरं आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे ते "खोटं आहे" असं शपथेवर लिहू नका. "वादीने शाबीत करावं" आणि "हे खोटं आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या वाक्यावरून खोट्या शपथपत्राचं वेगळं प्रकरण उभं राहतं, न्यायिक कामात खोट्या पुराव्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दावा थांबवायचा अर्ज करावा का

प्रत्येक क्लायंट विचारतो. करता येतो, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १५१ खाली, कोर्टाच्या अंगभूत अधिकारात. कलम १० घालू नका, ते दोन दिवाणी दाव्यांसाठी आहे. आधार म्हणजे एम. एस. शेरीफ विरुद्ध मद्रास राज्य, १९५४, सुप्रीम कोर्टाचं पाच जजचं बेंच. त्यात म्हटलंय की दिवाणी आणि फौजदारी दोन्ही चालू असतील तर साधारणपणे फौजदारीला आधी जाऊ द्यावं, पण पक्का नियम नाही, बघायचं ते एवढंच की दिवाणी आधी चालवल्याने माणसाची अडचण होईल का. वेगवेगळे निकाल लागतील ही भीती मात्र कारण म्हणून चालत नाही, हे त्याच निकालात आहे, आणि लोक अर्जात पहिलं कारण तेच लिहितात!

प्रॅक्टिकल बोलायचं तर पूर्ण दावा थांबवा म्हटलं की ठाण्यात काय, कुठेही, जजच्या कपाळाला आठी पडते, कारण फौजदारी खटला किती वर्षं चालेल कोणाला माहीत. म्हणून छोटं मागा. मुद्दे काढा, बहिणीचा सरतपास (तिची स्वतःची साक्ष) आणि उलटतपास होऊ द्या, निबंधक ऑफिसचा रेकॉर्ड येऊ द्या, फक्त प्रतिवादीचा पुरावा फौजदारीतले मुख्य साक्षीदार होईपर्यंत पुढे ठेवा. असा अर्ज मंजूर व्हायचा चान्स बराच जास्त असतो. अर्जाला एफआयआर, चार्जशीट असेल तर चार्जशीट, आणि एक तक्ता जोडा, दाव्याचा परिच्छेद कुठला आणि एफआयआरमधला तोच मजकूर कुठला. हा तक्ता बनवायला दोन तास लागतात, पण जजसाहेबांना तो एका नजरेत पटतो.

निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे प्लॉट विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाई, याने थांबत नाही. तो चालणारच, तिथे गप्प बसलात तर मनाई लागली असं समजा. आणि बऱ्याच वेळा मनाईला विरोध न करता "दावा चालेपर्यंत विकणार नाही" अशी पुरसीस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, दिलेली परवडते, त्यासाठी हक्कसोडपत्र खरं की खोटं यावर एक शब्द बोलावा लागत नाही.

प्रश्नावली आणि कागद

ऑर्डर ११ खाली समोरचा लेखी प्रश्नावली देऊ शकतो, कोर्टाच्या परवानगीने. उत्तर शपथपत्रावर, १० दिवसांत, कोर्ट जास्त वेळ देऊ शकतं. हरकत घ्यायची ती त्याच शपथपत्रात आणि प्रश्नागणिक. प्रश्न १ ते ४ उत्तर दिलं, प्रश्न ५ ला हरकत, कारण अमुक गुन्ह्यात मी आरोपी आहे आणि हा प्रश्न थेट त्या गुन्ह्याच्या घटकावर आहे, प्रश्न ६ उत्तर दिलं. एकच मोघम परिच्छेद टाकून सगळ्याला नाही म्हणू नका. कोर्टाचा हुकूम होऊनही उत्तर दिलं नाही तर नियम २१ खाली प्रतिवादीचा बचावच काढून टाकता येतो आणि वादी असेल तर दावा फेटाळता येतो. मला हे सगळ्यात भीतीदायक हत्यार वाटतं, आणि ते फार वापरलं जात नाही म्हणून लोक बेसावध असतात.

कागदांचं वेगळं आहे. साक्षीचं कलम १३५, जुनं १३०, ज्याने गुन्ह्यात अडकू असा कागद हजर न करायची सवलत देतं, पण फक्त दाव्यात पक्षकार नसलेल्या साक्षीदाराला. दोस्ताला मिळेल, भावाला या कलमाखाली नाही. भावाने २०(३) म्हणावं, आणि तेही खरोखर स्वतःच्या ज्ञानातून तयार झालेल्या कागदासाठी, उदाहरणार्थ खासगी हिशेबाची वही. रजिस्टर्ड दस्त, इंडेक्स टू, निबंधकाकडचे फोटो-अंगठे हे समोरचा सरळ ऑफिसमधून काढतो, त्यावर हक्क सांगून फक्त आपण काहीतरी लपवतोय असं चित्र उभं राहतं.

पिंजऱ्यात जायचं की नाही

हा खरा निर्णय आहे आणि तो सरतपासाच्या शपथपत्रावर सही करायच्या आधी घ्यायचा, नंतर नाही. स्वतः साक्ष द्यायला उतरलात की ते स्वेच्छेने, मग उलटतपासात निम्मे प्रश्न खा आणि निम्मे टाका असं जमत नाही. उतरलाच नाहीत तर विद्याधर विरुद्ध माणिकराव, १९९९, सुप्रीम कोर्ट, प्रत्येक वादीचा वकील हे तोंडपाठ म्हणतो: पक्षकार स्वतः पिंजऱ्यात आला नाही आणि उलटतपासाला सामोरा गेला नाही तर त्याची केस खरी नाही असा अर्थ काढता येतो. शिवाय साक्षीच्या कलम ११९ (जुनं ११४) मध्ये उदाहरणच दिलंय की उत्तर टाळलं तर ते उत्तर त्याला प्रतिकूल असतं असं कोर्ट धरू शकतं. धरू "शकतं", धरलंच पाहिजे असं नाही. एफआयआर आहे, हक्क कारणासकट रेकॉर्डवर घेतलाय, तर युक्तिवादाला जागा राहते.

मग ठरवायचं कसं? माझा हिशेब असा. दाव्यात काय जाणार आणि खटल्यात काय जाणार हे शेजारी-शेजारी लिहा. प्लॉटमधला एक हिस्सा जाणं आणि शिक्षा होणं यात निवड असेल तर बहुतेक घरात उत्तर सोपं असतं, न उतरता बाकीच्या पुराव्यावर लढायचं, हस्ताक्षर तज्ज्ञ, निबंधक ऑफिसचा क्लार्क, इतर साक्षीदार. पण माणूस खरंच निर्दोष असेल, त्याला त्या दिवशीचं काही माहीतच नसेल, तर गप्प बसून तो दोन्हीकडे हरतो. अशा माणसाला मी उतरवते, फक्त शपथपत्र चार पानांचं, दाव्याला लागेल तेवढंच. क्लायंटला चाळीस पानं हवी असतात, मन मोकळं करायचं असतं. ते घरी करावं.

आणि समोरच्याने तुम्हालाच त्याचा साक्षीदार म्हणून समन्स काढलं तर? कोर्टाला हे फारसं आवडत नाही पण होतं. आरोपी असाल तर समन्सच्या तारखेला गैरहजर राहू नका, हजर राहून लेखी अर्ज द्या, २०(३) सकट. गैरहजेरी म्हणजे हक्क नव्हे.

पिंजऱ्यात गेल्यावर नेमकं काय बोलायचं

आता आपला दोस्त. आरोपी नाही, पक्षकार नाही, समन्स आलंय. बहिणीचे वकील विचारतात:

"दस्ताच्या दिवशी तुमच्या शेजारी बसलेली बाई कोण?"

चूक नंबर एक, "आठवत नाही". आठवत असताना आठवत नाही म्हणणं ही खोटी साक्षच, आणि कवच खोट्याला नाही. चूक नंबर दोन, लगेच सगळं सांगून टाकणं. बरोबर क्रम असा:

"साहेब, याचं उत्तर दिलं तर माझ्यावर गुन्हा होऊ शकतो, म्हणून मला उत्तर द्यायचं नाही."

"प्रश्न दाव्याशी संबंधित आहे, उत्तर द्यावं लागेल."

"कोर्टाने सांगितलं म्हणून उत्तर देतो."

आणि मग खरं उत्तर. बस, तीन वाक्यं. मधलं वाक्य जजसाहेबांचं आहे आणि सगळी किंमत त्याचीच, कारण सक्ती तिथे दिसते. न विचारता, हरकत न घेता दिलेल्या उत्तराला कवच मिळतं का यावर हायकोर्टांत एकोणिसाव्या शतकापासून वाद आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१५ साली आर. दिनेश कुमारच्या केसमध्ये या तरतुदीचा जास्तीत जास्त उदार अर्थ लावा असं म्हटलंय, ते चांगलंच आहे, पण तेवढ्यावर विसंबून कशाला राहायचं? तीन वाक्यं बोलायला अर्धा मिनिट लागतो.

हे रेकॉर्डवर कसं येईल? ऑर्डर १८ नियम ११. हरकत घेतलेला प्रश्न कोर्टाने विचारू दिला तर प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचं नाव आणि कोर्टाचा निर्णय हे सगळं लिहून घ्यायचं असतं. एरवी आपल्याकडे जबाब गोष्टीसारखा सलग लिहितात, "मी त्या दिवशी हजर होतो" असा, प्रश्न दिसतच नाही. म्हणून तेवढा भाग प्रश्न-उत्तर स्वरूपात घ्यावा अशी विनंती करा. साक्षीदाराला स्वतःचा वकील नेता येतो, मागे उभा राहू दे, हरकतीच्या वेळी पुढे येईल. काही जज खळखळ करतात, नम्रपणे सांगितलं की ऐकतात.

उलटतपास कोर्ट कमिशनरसमोर, म्हणजे कोर्टाने जबाब नोंदवायला नेमलेल्या माणसासमोर, असेल तर जास्त जपा. कमिशनर हरकत लिहून घेतो, निर्णय देत नाही, हरकतीचा निकाल कोर्ट युक्तिवादाच्या वेळी देतं. म्हणजे "उत्तर द्या" असा हुकूम करणाराच तिथे कोणी नाही, आणि उत्तर तर देऊन झालेलं असतं. अशा प्रश्नापाशी थांबा, हरकत लिहून घ्यायला लावा आणि तेवढ्या प्रश्नापुरतं कोर्टाकडे जाऊ द्या अशी विनंती करा. त्याहून बरं म्हणजे कमिशन नेमायच्या वेळीच सांगा की या साक्षीदाराचा पुरावा कोर्टातच घ्या.

कवचाची हद्दही माहीत असू द्या. उत्तर फौजदारीत येणार नाही, पण याच दाव्यात ते पूर्ण वापरलं जाणार, दोस्ताच्या उत्तराने भाऊ दावा हरू शकतो. आणि कलम उत्तराला झाकतं, माणसाला नाही. पोलिसांना तीच गोष्ट दुसरीकडून कळली, सीसीटीव्ही मिळाला, ती बाईच सापडली, तर त्या पुराव्यावर खटला होऊ शकतो.

सही, अंगठा, फॉर्म

इथे हक्क सांगून वेळ घालवू नका. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड, १९६१, अकरा जजचं बेंच: सही, हस्ताक्षर, अंगठ्याचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नाही. दिवाणी कोर्टही तुलना करायला हजर माणसाला लिहून दाखवायला सांगू शकतं. नाही म्हणालात तर प्रतिकूल अर्थ निघतो, त्याला तोड नाही. पोटगीच्या केसमध्ये मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं (रजनेश विरुद्ध नेहा, २०२०, सगळ्या कोर्टांना लागू), तिथे रोख धंदा करणारे नवरे "खरं लिहिलं तर इन्कम टॅक्स येईल" म्हणतात. टॅक्स येईल म्हणून शपथपत्रच न देणं चालत नाही, आणि कमी लिहिलं तर खोट्या शपथपत्राचं वेगळं.

आणि तुम्ही बहिणीच्या बाजूला असाल तर

दोन गोष्टी. एफआयआर केली की दावा फास्ट होतो हा समज सोडा, एफआयआरनेच समोरच्याला २०(३) आणि स्टेचा अर्ज मिळतो. गुन्हा खरा आहे तर जरूर करा, नुसतं प्रेशर म्हणून नको. दुसरं, समोरचा गप्प बसला म्हणून तुमचा पुरावा आपोआप होत नाही, प्रतिकूल अर्थ हा टेकू आहे, भिंत तुम्हीच बांधायची. त्या दिवशी तुम्ही कुठे होता याचा कागद आणा, मुलाच्या शाळेची सही, दवाखान्याची पावती, काहीही.

तडजोड व्हायला लागली, आणि गावठाणातल्या वाटपात ती होतेच, कधी गणपतीत, कधी कोणाच्या लग्नात, तर बोलणी "विदाऊट प्रेज्युडिस" (हक्कांना बाधा न येता) लिहून करा आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदात, भावाने बनावट दस्त केल्याची कबुली असं वाक्य येऊ देऊ नका, दस्त उभय पक्षांवर बंधनकारक नाही एवढं पुरतं. बनावटगिरीचा गुन्हा ठाणे कोर्टात बसून मिटत नाही, एफआयआर रद्द करायला मुंबई हायकोर्टातच जावं लागतं, आणि तिथे ही कन्सेंट टर्म्स वाचली जातात.

शेवटचं काम जबाब संपल्यावरचं. सही करायच्या आधी जबाब वाचा, मराठीत वाचून दाखवायला सांगा, हरकत आणि कोर्टाचं "उत्तर द्यावं लागेल" हे वाक्य आलंय का बघा, नसेल तर तिथल्या तिथे सांगा, दुसऱ्या दिवशी कोणी ऐकत नाही. मग त्याच आठवड्यात नक्कलेचा अर्ज टाका आणि जबाबाची सर्टिफाईड कॉपी, त्या दिवसाच्या रोजनाम्यासकट (कोर्टाच्या त्या तारखेच्या कामाची नोंद), फौजदारीच्या वकिलाकडे द्या. पोलिसांनी तो जबाब कधी वापरायला काढला तर पहिल्याच तारखेला हीच कॉपी समोर ठेवायची असते, आणि ती शोधायला कोणाला तरी परत कोर्ट नाक्याला यावं लागू नये.